परवानगीचा खेळ



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून पुष्कळांच्या कपाळावर आठी उमटली असेल, आणि ती मी स्वाभाविक मानतो. व्हिडिओ गेम म्हणजे परीक्षा संपल्यावर मुलांनी डोळे खराब करून घेण्याचे साधन, अशी आपल्या घराघरांतली समजूत. पारलिंगी माणसांविषयी बोलण्याची वेळ आली तर आपण एक तर कीव करतो, नाही तर विषय बदलतो. आणि वैद्यक हे डॉक्टरमंडळींचे क्षेत्र; तेथे माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकाने का शिरावे? या तीन गोष्टींची मोट मी बांधली असती, तर हा आक्षेप मी निमूट मान्य केला असता. पण ती माझ्याआधीच अमेरिकेत आणि जपानात काही माणसांनी बांधून ठेवली आहे, आणि ती इतकी घट्ट बसली आहे की ती तशी का बसली, हाच मुळी विचार करण्याजोगा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : पारलिंगी माणसाला औषधोपचार मिळवताना ज्यातून जावे लागते, तो व्यवहार व्हिडिओ गेमवाल्यांच्या हाती येण्यापूर्वीच एक खेळ होऊन बसला होता. त्याला नियम होते, डाव होते, ठरलेली उत्तरे होती आणि पंचही होता. गेम करणाऱ्यांनी त्याचा पट तेवढा आपल्यासमोर उलगडून ठेवला.

आधी शब्दाचा उलगडा करतो. जन्माच्या वेळी सुईणीने किंवा डॉक्टराने मुलगा अथवा मुलगी म्हणून जी नोंद केली, ती ज्यांच्या आतल्या जाणिवेशी जुळत नाही, ती पारलिंगी माणसे. यांतल्या सर्वांनाच औषध हवे असते असे नाही. पण पुष्कळांना हवे असते. कोणाला संप्रेरके, म्हणजे ज्यांना आपण हार्मोन्स म्हणतो ती हवी असतात. कोणाला शस्त्रक्रिया हवी असते. बाकी रोगी डॉक्टरकडे जातो तेव्हा “मला बरे करा” म्हणतो. हा माणूस जातो तेव्हा त्याला आधी “मी कोण आहे” हे सिद्ध करावे लागते. सगळी गुंतागुंत येथून सुरू होते.

आता खेळाकडे वळतो. खेळ काही सांगू शकतो ही कल्पना आपल्याला नवी वाटू नये. सापशिडीचा मूळ अवतार जो मोक्षपट, तो परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जातो. ते नाव खरे असो वा नसो, पट मात्र खरा आहे. सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. आणि पुष्कळ जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप अधिक. “मोक्ष कठीण आहे” हे वाक्य त्या पटावर कोठेही लिहावे लागत नाही. मूल चार वेळा सापाच्या तोंडातून घसरले की त्याला ते बोटांतून कळते. दुसरे उदाहरण आपल्या घरातले. सुट्टीत मुले ‘व्यापार’ खेळतात, नोटा मोजतात, भाडी वसूल करतात. त्या खेळाची आजी म्हणजे लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली पेटंट घेतलेला जमीनदाराचा खेळ. जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नागवते हे दाखवण्यासाठी त्यांनी तो रचला होता. पुढच्यांनी त्यातली टीका काढून टाकली आणि नागवण्याची मौज तेवढी ठेवली, हा भाग वेगळा. मुद्दा एवढाच की खेळात नियम बोलतो. कादंबरीत “ती सहा महिने थांबली” हे वाक्य वाचायला एक क्षण पुरतो. खेळात थांबणे वाचकाच्या, म्हणजे खेळणाऱ्याच्या, वाट्याला येते.

ॲना अँथ्रॉपी या अमेरिकन पारलिंगी बाईंनी २०१२ साली ‘डिस४इया’ नावाचा एक छोटा गेम केला. स्वतःच्या लिंगनोंदीविषयी वाटणाऱ्या अस्वस्थतेला वैद्यकात डिस्फोरिया म्हणतात. त्या शब्दाच्या पोटात इंग्रजी चारचा आकडा घालून त्यांनी हे नाव बनवले. संप्रेरकांचे उपचार सुरू करतानाच्या आपल्या आयुष्यातल्या सुमारे सहा महिन्यांची ही हकीगत आहे. संगीत लिझ रायर्सन यांचे. चित्रे अगदी जाडीभरडी, ठळक रंगांच्या चौकोनी ठिपक्यांची. नातवंडांच्या हातातल्या गेमशी तुलना केली तर दरिद्री म्हणावीत अशी. सगळा खेळ दहा मिनिटांत आटोपतो. आणि तरीही पुढच्या वर्षी स्वतंत्र गेमकारांच्या मोठ्या अमेरिकन महोत्सवात नव्या वाटेच्या कृतींसाठी असलेल्या पारितोषिकाच्या अंतिम यादीत तो होता.

पहिल्याच दृश्यात एक वेडावाकडा आकार दिसतो आणि समोर एक भिंत. भिंतीला फट आहे. बाणांची बटणे दाबून आकार त्या फटीतून पलीकडे न्यायचा. आपण वर नेतो, खाली नेतो, पुन्हा प्रयत्न करतो. आकार त्या फटीचा नाहीच. कोणत्याही कौशल्याने तो जाणार नाही. खेळणाऱ्याला वाटते, आपलेच काही चुकते आहे. थोड्या वेळाने दृश्य बदलते आणि वस्तरा हाती येतो. मिशा काढायच्या आहेत, आणि हात जरा चुकला की त्वचा कापली जाते. मग लोकांचे बोलणे ढालीवर झेलायचे. मग परक्यांची नजर चुकवायची. प्रत्येक प्रसंग काही सेकंदांचा. जिंकल्याचा घोष नाही, गुण नाहीत. हरवण्यासाठी रचलेला हा खेळ आहे, आणि बाईंची त्यामागची भूमिका त्यांनी बोलून दाखवली आहे ती अशी की, त्यांना सांगायची होती ती वैतागाची गोष्ट, आणि वैताग देण्यात व्हिडिओ गेमइतका पटाईत कलाप्रकार दुसरा नाही. मला हे म्हणणे फार पटले. आपण कलेकडून आनंदाची अपेक्षा करतो. पण नाटककार प्रेक्षकाला रडवतो तेव्हा आपण तक्रार करत नाही, मग गेमकाराने खेळणाऱ्याला अडवले तर का करावी?

दुसरा भाग दवाखान्याचा. येथे त्यांच्या रक्तदाबाची हकीगत येते. संप्रेरके मिळावीत म्हणून त्या जातात, तर तपासणीत रक्तदाब वाढलेला निघतो. तो खाली आल्याशिवाय औषध मिळणार नाही. मग आधी त्या दाबावरचे उपचार, मग पुन्हा फेरी. पुढच्या दोन भागांत संप्रेरके मिळाल्यानंतरचे दिवस आहेत आणि सुरुवातीची दृश्ये थोडी पालटून पुन्हा येतात.

या रक्तदाबापाशी मला थोडे थांबायचे आहे. आपल्यांत डॉक्टर बसले असतील, आणि ते मनात म्हणत असतील की, यात चूक ती काय? अशी औषधे सुरू करण्यापूर्वी रक्तदाब पाहणे, तो चढा असेल तर आधी आटोक्यात आणणे, हे शहाणपणाचेच आहे. मीही तेच म्हणतो. खेळातला तो डॉक्टर दुष्ट नाही. पण दाराला दोन प्रकारची कुलुपे असतात. एक कुलूप रोग्याच्या जिवासाठी लावलेले असते. दुसरे, “हा माणूस पात्र आहे काय” या शंकेपोटी लावलेले असते. आतून पाहणाऱ्या डॉक्टरला या दोहोंतला फरक स्पष्ट दिसतो. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोन्ही कुलुपे सारखीच दिसतात, कारण त्याने दुसऱ्या प्रकारची इतकी पाहिलेली असतात की पहिल्या प्रकारच्या कुलुपावरचा त्याचा विश्वासच उडालेला असतो. अँथ्रॉपीबाईंच्या गेमची खरी करामत ही आहे की, तो रक्तदाबाचे दृश्य त्या भिंतीच्या दृश्यानंतर ठेवतो. जो मनुष्य आताच भिंतीवर दहा वेळा आपटून आला आहे, त्याला रक्तदाबाचा पट्टासुद्धा भिंतीचीच एक वीट वाटते.

आणि हा अविश्वास आकाशातून पडलेला नाही. त्याला इतिहास आहे.

हॅरी बेंजामिन हे बर्लिनमध्ये जन्मलेले आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेले डॉक्टर. इतर डॉक्टर ज्यांना वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवत, त्यांना त्यांनी आपल्या दवाखान्यात बसवून घेतले, आणि १९६६ साली त्यांच्या अनुभवावर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अशा लोकांसाठी केंद्र उघडले. दोन वर्षांनी स्टॅनफर्डमध्ये. बेंजामिन यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. त्या काळात तसे वागायला छाती लागत होती. पण ग्रंथ झाला आणि ग्रंथाचे प्रमाण झाले. त्यात वर्णिलेल्या रोग्यासारखा जो बोलेल तो खरा, बाकीचे संशयित, अशी रीत केंद्रांत रुळली. लहानपणापासून असेच वाटत होते काय? स्वतःच्या शरीराचा तिटकारा येतो काय? उपचारानंतर नेहमीसारखा संसार करणार काय? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले.

पुढे काय झाले ते सँडी स्टोन या पारलिंगी विदुषीने १९९१ साली छापून आलेल्या आपल्या निबंधात सांगितले आहे. केंद्रातल्या तज्ज्ञांना आढळले की, येणाऱ्या उमेदवारांच्या हकीगती बेंजामिन यांच्या ग्रंथातल्या वर्णनाशी विलक्षण जुळतात. त्यांना वाटले, शास्त्र खरे ठरले! खरे कारण लक्षात यायला त्यांना काही वर्षे लागली. उमेदवारांनीही तोच ग्रंथ वाचला होता. एकाने वाचून दुसऱ्याला दिला होता, आणि कोणते उत्तर दिले की दार उघडते हे सर्वांना पाठ झाले होते. आपल्याकडे परीक्षेला जशी अपेक्षित प्रश्नांची पुस्तके मिळतात, तसाच प्रकार. सद्गृहस्थहो, याला खेळ म्हणू नये तर काय म्हणावे? पंच समजत होता की आपण सत्य शोधतो आहोत, आणि खेळाडू डाव जिंकत होता. यात फसवले गेले ते दोघेही, पण किंमत एकानेच मोजली. कारण डॉक्टरला खरे सांगण्याची सोयच रोग्याला उरली नाही.

आणि ज्याने पाठ केलेले उत्तर देण्याचे नाकारले, त्याचे काय झाले? लू सलिव्हन हे असे एक पारलिंगी गृहस्थ. जन्मनोंद स्त्रीची, जाणीव पुरुषाची, आणि ओढ पुरुषांकडे. ते त्यांनी लपवले नाही. स्टॅनफर्डच्या केंद्राने त्यांना नाकारले, कारण अशा पुरुषाची जागा त्यांच्या पटावर नव्हती. सलिव्हन यांनी अन्यत्र उपचार मिळवले, आपल्यासारख्यांसाठी माहितीपुस्तिका लिहिली, आणि १९९१ साली एड्सने गेले. त्यांची रोजनिशी आता छापली गेली आहे.

१९७९ साली बेंजामिन यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने उपचारांचे लेखी नियम केले. बेबंदशाहीपेक्षा नियम बरे, हे खरेच. पण त्या नियमांत मानसतज्ज्ञांची शिफारसपत्रे आली, आणि शस्त्रक्रियेपूर्वी वर्षभर आपल्या जाणिवेप्रमाणे स्त्री किंवा पुरुष म्हणून राहून दाखवण्याची अट आली. तिला त्यांनी खऱ्या जीवनाची कसोटी असे नाव दिले. ही कसोटी कागदावर फार समंजस दिसते. ती रस्त्यावर कशी दिसते, हे मॅटी ब्राइस या दुसऱ्या गेमकर्तीच्या ‘माइनिची’ या २०१२ च्याच गेमवरून समजते. माइनिची म्हणजे जपानी भाषेत ‘दररोज’. त्यात दवाखाना नाही, वैद्य नाही. सकाळी उठायचे, कपडे आणि रंगरंगोटी ठरवायची, घराबाहेर पडून कॉफी प्यायला मैत्रिणीला भेटायचे, बस्स. तयारीत कसर राहिली तर रस्त्यातले लोक कुजबुजतात. रस्ता बदलला तर कमी लोक भेटतात. दिवस संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. हा गेम त्या कसोटीवर टीका म्हणून रचलेला नाही, ही जोडणी माझी आहे. पण उपचारांनी जे सोपे व्हायचे, ते उपचारांआधी वर्षभर करून दाखवा, असे सांगणाऱ्यांनी तो एकदा खेळून पाहावा असे मला वाटते.

नियम पुढे सैल होत गेले. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांतल्या काही दवाखान्यांनी १९९० नंतर निराळी वाट धरली : औषधाचे गुणदोष नीट समजावून सांगायचे, तपासण्या करायच्या, आणि सज्ञान माणसाची संमती पुरेशी मानायची. जागतिक आरोग्य संघटनेची नवी रोगसूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून अन्यत्र ठेवली आहे. त्याच वर्षी त्या जुन्या संघटनेच्या नियमांची आठवी आवृत्ती निघाली. संघटनेचे नावही मधल्या काळात बदलले.

वैद्यकाचा दरवाजा आणि सरकारी दप्तराचा दरवाजा एकमेकांना साखळीने बांधले की काय होते, ते जपानात पाहावे. २००३ च्या जपानी कायद्याने सरकारी नोंदीतले लिंग बदलण्याची सोय केली, पण अटी घातल्या. दोन डॉक्टरांचे निदान हवे, अर्जदार अविवाहित हवा, आणि त्याची प्रजननक्षमता नाहीशी झालेली हवी. म्हणजे ज्याला शस्त्रक्रिया नको आहे, परवडत नाही किंवा प्रकृतीला झेपत नाही, त्याने जन्मभर चुकीच्या रकान्यात राहायचे. तेथे एनपीकेसी या टोपणनावाने गेम करणाऱ्या व्यक्तीने २०१८ साली एक गेम केला : हारू नावाची पारलिंगी तरुणी मैत्रिणीच्या वाढदिवसाला एका रात्रीसाठी उष्ण पाण्याच्या झऱ्यांवर जाते. जपानात या झऱ्यांवर स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे स्नान करतात. हारूची नोंद पुरुषाची. खेळणाऱ्याने करायचे ते एवढेच की नोंदणीच्या कागदावर काय लिहायचे, मैत्रिणीला किती सांगायचे, स्नानाला जायचे की निमित्त काढायचे, हे निवडायचे. येथे राक्षस मारायचे नाहीत. कागदावरचा एक रकाना भरताना हात थबकतो, हाच पराक्रम. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रजननक्षमतेची ती अट घटनाबाह्य ठरवली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात अशा शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक आणि बेकायदेशीर आहे असे म्हटले होते, आणि त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी पक्षकार म्हणून उभ्या होत्या, हे या सभेत सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता या गेमांच्या मर्यादेविषयी बोलतो, कारण त्यांची स्तुती करणारे पुष्कळ मिळतात आणि ती स्तुती मला जरा सवंग वाटते. “हा गेम खेळलो आणि पारलिंगी असणे म्हणजे काय ते मला कळले,” असे उद्गार ‘डिस४इया’विषयी वारंवार काढले गेले. कळले? दहा मिनिटांत? इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेचा दंडक असा की, तज्ज्ञाकडे पाठवलेल्या रोग्याचे उपचार १८ आठवड्यांत सुरू व्हावेत. लिंगभावविषयक केंद्रांत पहिल्या भेटीसाठीच वर्षे मोजावी लागतात. ते थांबणे कोणत्या गेममध्ये मावणार? गेमकाराने खरोखर तीन वर्षे काहीच न घडणारा गेम केला तर तो कोण खेळेल? पडद्यावर हरलेला मनुष्य बटण दाबून पुन्हा उभा राहतो. दवाखान्याच्या यादीत थांबलेल्या माणसाचे वय वाढते, आवाज फुटून जातो, हाडे रुंद होतात, आणि ते मागे घेता येत नाही. खेळात वेळ उधार मिळतो.

ही मर्यादा प्रथम ओळखली ती खुद्द अँथ्रॉपीबाईंनी. ज्यांनी तो गेम खेळला त्यांतले काही जण सहानुभूतीचे प्रमाणपत्र छातीवर लावून फिरू लागले, तेव्हा त्या वैतागल्या. २०१५ साली न्यूयॉर्कच्या बेबीकॅसल्स या जागी त्यांनी एक नवा खेळ मांडला आणि त्याला सहानुभूतीचा खेळ असे उपरोधिक नाव दिले. त्यात पडदा नाही, बटणे नाहीत. बाईंच्या स्वतःच्या जुन्या बुटांची एक जोडी, आणि पावले मोजणारे एक यंत्र. इंग्रजीत दुसऱ्याच्या जोड्यात पाय घालून मैलभर चालण्याची एक म्हण आहे. तिचा त्यांनी शब्दशः खेळ केला. बूट घालायचे आणि चालायचे. एक मैल चाललात, एक गुण. दहा मैल चाललात, दहा गुण. पायाला फोड आले तरी गुण तेवढेच. आणि संध्याकाळी बूट काढून ठेवायचे, ज्यांचे आहेत त्यांना परत द्यायचे, आणि आपल्या चपला घालून घरी जायचे.